रेकॉर्डिंगमधली घरघर येते कुठून? दोन तारांचं आणि तीन तारांचं सामान जोडताना

सुपा धरणाच्या पायथ्याशी, गणेशगुडीच्या वीजघरात ५० मेगावॅटचे दोन संच आहेत. तिथं तयार होणारी वीज, देशातल्या सगळ्या विजेसारखीच, सेकंदाला ५० फेरे घेते. जोयडा तालुक्यातल्या एखाद्या घरात लॅपटॉप, लहानसा ऑडिओ इंटरफेस, कीबोर्ड आणि माईक मांडून रेकॉर्डिंगला बसलं की न बोलावता येणारा पहिला पाहुणा हाच. गाण्याच्या मागे, कुठंही न थांबता, ‘हं…’ अशी घरघर चालू राहते. गाताना ती लक्षात येत नाही. रात्री हेडफोन लावून ऐकायला बसलं की मग दुसरं काही ऐकूच येत नाही.

ही घरघर बहुतेक वेळा माईक स्वस्तातला आहे म्हणून येत नाही. ती येते जोडणीतून. एक सामान दोन तारांवर बोलतं, दुसरं तीन तारांवर, आणि दोघांना जोडणारी केबल दुकानात जी मिळाली ती घेतलेली असते. पहिल्या प्रकाराला अनबॅलन्स्ड म्हणतात, दुसऱ्याला बॅलन्स्ड. दोघांची गाठ नीट कशी मारायची, एवढाच प्रश्न आहे.

प्रश्न छोटा, पण इकडे त्याचं मोल जास्त आहे. जोयडा म्हणजे पूर्वीचा सुपा तालुका. सुपा गाव धरणाच्या पाण्यात गेलं, तालुक्याचं ठाणं जोयड्याला आलं आणि उठलेल्या लोकांसाठी रामनगर वसलं. मराठी, कोकणी, कन्नड तिन्ही भाषा इथं एकाच घरात ऐकू येतात. कुणबी बायकांची लग्नातली गाणी, फुगड्या, सिद्दींचं डमामी, गावोगावची भजनं यातलं किती तरी कागदावर नाही, म्हाताऱ्या माणसांच्या गळ्यात आहे. महाराष्ट्रात हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी जात्यावरच्या ओव्यांचा जो संग्रह उभा केला त्यात लाखाहून जास्त ओव्या आहेत. १९९० च्या दशकापासून बर्नार बेल यांच्या साथीनं त्यातल्या कितीतरी ओव्यांचं ध्वनिमुद्रणही झालं. त्या गायिकांपैकी अनेकजणी आज हयात नाहीत. आवाज मात्र आहे. असं रेकॉर्डिंग एकदाच होतं. ऐंशीतल्या आजीला ‘पुन्हा एकदा गा, मागे आवाज आलाय’ असं सांगता येत नाही.

नंतर सॉफ्टवेअरनं घरघर काढू, असं सगळेच म्हणतात. काही प्रमाणात निघतेही. पण ती नुसती ५० हर्ट्झवर नसते. १००, १५०, २००, २५० अशी तिची पिल्लावळ वरपर्यंत गेलेली असते. पुरुषाचा आवाज साधारण १०० हर्ट्झच्या आसपास सुरू होतो, पखवाजाच्या धुमाचा घुमारा त्याच्याही खाली उतरतो. घरघर कापायला गेलं की आवाजाचं अंगही थोडं कापलं जातं.

दोन तारा आणि तीन तारा

अनबॅलन्स्ड केबलमध्ये मधोमध एक तार असते आणि तिच्याभोवती जाळी, म्हणजे शील्ड. मधल्या तारेतून सिग्नल जातो, परत येतो जाळीतून. जाळीला अशी दोन कामं करावी लागतात: बाहेरचा त्रास अडवायचा आणि सिग्नलची परतीची वाटही व्हायचं. गोम इथंच आहे.

बॅलन्स्ड केबलमध्ये जाळीच्या आत एकमेकींना पीळ घातलेल्या दोन तारा असतात. एकीला हॉट म्हणतात, दुसरीला कोल्ड. समोरचं यंत्र या दोन तारांमधला फरक तेवढा उचलतं. वाटेत विजेच्या वायरीतून जो त्रास घुसतो तो दोन्ही तारांवर सारखाच घुसतो, त्यामुळे फरक काढताना तो वजा होतो. सिग्नल दोन तारांवर वेगळा असतो म्हणून तो उरतो. जाळीला इथं परतीची वाट व्हावं लागत नाही.

कोल्ड तारेवर उलटा सिग्नल असला तरच केबल बॅलन्स्ड, असं बऱ्याच ठिकाणी सांगितलं जातं. ते पुरतं खरं नाही. दोन्ही तारांना जमिनीच्या दिशेनं दिसणारा अडथळा, म्हणजे इम्पिडन्स, सारखा असला पाहिजे. ‘बॅलन्स’ तो हा. उलटा सिग्नल असेल तर पातळी वाढते, पण त्रास वजा व्हायला त्याची गरज नाही. कितीतरी चांगल्या यंत्रांच्या आउटपुटात कोल्ड तारेवर सिग्नलच नसतो, नुसता तेवढ्याच किमतीचा रेझिस्टर असतो, आणि तरी त्रास जातो.

युक्ती जुनी आहे, टेलिफोनवाल्यांची. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी पीळ घातलेल्या तारांच्या जोडीचं पेटंट १८८१ मध्ये घेतलं. जाळी नसलेल्या नुसत्या दोन तारा मैलोन्‌मैल विजेच्या खांबांजवळून जायच्या आणि पलीकडचं बोलणं कळायचं, ते यामुळेच.

बाजारातली नावं

बेळगाव, हुबळी किंवा मडगावच्या दुकानात ही सगळी पुस्तकी नावं चालतीलच असं नाही. तीन पिनांच्या गोल एक्सएलआरला साऊंडवाले ‘कॅनन’ म्हणतात. पाव इंची जाड जॅक म्हणजे ‘पी-३८’, तो मोनो किंवा स्टिरिओ. मोबाईलच्या हेडफोनचा साडेतीन मिलिमीटरचा जॅक म्हणजे ‘ईपी’. टीव्ही-डेकला लागतो तो आरसीए. कॅननमध्ये १ नंबरला जाळी, २ ला हॉट, ३ ला कोल्ड. ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या १९९२ च्या मानकात हे पक्कं झालं. त्याआधीच्या काही अमेरिकन यंत्रांत ३ नंबर हॉट असायचा, तेव्हा सेकंडहँड माल घेतला असेल तर पुस्तिका बघावी. पी-३८ स्टिरिओत टोक हॉट, मधली कडी कोल्ड, मागचा भाग जाळी. पी-३८ मोनोला कडीच नसते, त्यामुळे तो कायम अनबॅलन्स्ड. आरसीएचंही तसंच.

पी-३८ स्टिरिओ जॅक मात्र फसवतो. त्याच तीन भागांतून एक बॅलन्स्ड सिग्नल जाऊ शकतो किंवा डावा-उजवा असे दोन अनबॅलन्स्ड सिग्नल. जॅककडे बघून ते कळत नाही.

या फसवणुकीचा सगळ्यात गमतीदार परिणाम भजनी मंडळांना माहीत असेल. मोबाईलवरचं गाणं ईपी ते पी-३८ स्टिरिओ केबलनं सरळ मिक्सरच्या बॅलन्स्ड इनपुटात लावलं की वाद्यं वाजतात, थोडी विचित्र वाजतात, आणि गाणारा माणूस गायब होतो. मिक्सर बिघडलेला नसतो. मिक्सर डाव्या बाजूतून उजवी बाजू वजा करत असतो. गायकाचा आवाज दोन्ही बाजूंना सारखा ठेवलेला असतो, म्हणून तो त्रास समजून पुसला जातो. उपाय साधा: मोबाईलपासून दोन मोनो जॅकांत फुटणारी केबल घ्यायची आणि दोन चॅनेल वापरायचे.

कीबोर्डपासून इंटरफेसपर्यंत

घरच्या रेकॉर्डिंगमध्ये सर्वात जास्त लागते ती ही जोडणी. कीबोर्डचं आउटपुट बहुतेक अनबॅलन्स्ड, इंटरफेसचं लाइन इनपुट बॅलन्स्ड. साधी मोनो ते मोनो केबल लावली तर चालतं. मोनो जॅक आत गेल्यावर इनपुटाची कडी आणि मागचा भाग आपोआप जुळतात आणि बॅलन्स्ड इनपुट अनबॅलन्स्ड होऊन बसतं. एक-दोन मीटरच्या अंतरात, एकाच बोर्डावर सगळं लावलेलं असेल, तर पुष्कळदा एवढ्यावर भागतं.

भागत नाही तेव्हा काय होतं, ते आकड्यात बघण्यासारखं आहे. समजा, जाळी आणि दोन्ही टोकांचे जॅक मिळून १ ओहम अडथळा आहे. कीबोर्डच्या आणि लॅपटॉपच्या अडॅप्टरांतून थोडी गळती होतच असते, ती ०.३ मिलिअँपिअर धरू. ही गळती जाळीतूनच वाट काढते. एक ओहमवर ती ०.३ मिलिव्होल्ट तयार करते, आणि जाळी सिग्नलचीही वाट असल्यामुळे हे ०.३ मिलिव्होल्ट गाण्यात मिसळतात. घरगुती सामानाचा नेहमीचा सिग्नल सुमारे ३१६ मिलिव्होल्टचा. म्हणजे घरघर हजारातला एक भाग, ६० डेसिबल खाली. दणदणीत गाण्यात ती दबून जाईल, पण आजी दोन ओळींमध्ये श्वास घेतात तिथं ती उघडी पडते. महागडी, सोन्याचा मुलामा दिलेली केबल आणली तरी गळतीची वाट तीच राहते, म्हणून फरक थोडाच पडतो.

वाट बदलायची असेल तर आत दोन तारा असलेली माईकची शील्डेड केबल घ्यायची. इंटरफेसच्या बाजूला पी-३८ स्टिरिओ जॅक: एक तार टोकाला, दुसरी कडीला, जाळी मागच्या भागाला. कीबोर्डच्या बाजूला पी-३८ मोनो: पहिली तार टोकाला, आणि दुसरी तार व जाळी दोन्ही मिळून मागच्या भागाला. कोल्ड तार आणि जाळी यांची गाठ कीबोर्डच्या टोकाला पडली पाहिजे, इंटरफेसच्या टोकाला नाही. असं केलं की गळती जाळीतून जाते पण सिग्नल जाळीतून जात नाही. इंटरफेसचं इनपुट कीबोर्डच्या ग्राउंडवर जे काही असेल ते कोल्ड तारेतून ‘ऐकतं’ आणि वजा करतं. यानं घरघर ३० डेसिबलच्या आसपास खाली येऊ शकते. खर्च दोन जॅक, चार मीटर केबल आणि सोल्डरिंगचे पाच डाग.

पातळीचाही फरक लक्षात ठेवावा. स्टुडिओच्या सामानाची पातळी +४ डीबीयू, म्हणजे १.२३ व्होल्ट. घरगुती सामानाची −१० डीबीव्ही, म्हणजे ०.३१६ व्होल्ट. दोघांत जवळजवळ चौपट, १२ डेसिबलचं अंतर. काही यंत्रांच्या मागे यासाठी बटण असतं. ते चुकलं तर एक तर आवाज फाटतो किंवा गेन वाढवावा लागतो, आणि गेनबरोबर घरघरही वाढते.

मिक्सरपासून जुन्या अॅम्प्लिफायरपर्यंत

उलट बाजूची जोडणी जास्त अवघड आहे, कारण इथं एकच उत्तर नाही. मिक्सरच्या बॅलन्स्ड आउटपुटातून देवळातल्या जुन्या अॅम्प्लिफायरच्या किंवा कॅमेऱ्याच्या अनबॅलन्स्ड इनपुटात जायचं असेल, तर ३ नंबरच्या पिनचं काय करायचं हे मिक्सरच्या आत काय बसवलंय त्यावर ठरतं.

आत ट्रान्सफॉर्मर असेल तर ३ नंबर जाळीला जोडावाच लागतो. मोकळा सोडला तर सर्किटच पुरं होत नाही. आवाज येत नाही किंवा पत्र्यासारखा पातळ येतो. आत दोन वेगळे अॅम्प्लिफायर असतील, एक सुलटा आणि एक उलटा, तर ३ नंबर मोकळा सोडलेला बरा. जोडला तर उलटा अॅम्प्लिफायर ग्राउंडवर ढकलत राहतो, आवाज खराब होऊ शकतो. मोकळा सोडल्यावर पातळी निम्मी होते, ६ डेसिबलनी, तेवढी चालवून घ्यावी. कोल्डवर नुसता रेझिस्टर असेल तर दोन्हीपैकी काहीही केलं तरी बिघडत नाही. चौथा प्रकार स्वतःला सावरून घेणाऱ्या, क्रॉस-कपल्ड आउटपुटाचा. त्यात ३ नंबर जोडायचा, तोही मिक्सरच्याच टोकाला.

यातला कोणता, ते यंत्राच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं आणि नेमकं तेच पान कुणी वाचत नाही. पुस्तिका हरवली असेल तर मध्ये १:१ चा ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाकणं हा सगळ्यात बिनधोक मार्ग. तो सिग्नल पलीकडे पोचवतो, ग्राउंड तोडतो, आणि वरचे सगळे प्रश्न मिटतात.

साध्या डायनॅमिक माईकचं मात्र सोपं आहे. आत नुसतं वेटोळं असतं, त्याला ग्राउंडशी देणंघेणं नाही. म्हणून कॅनन ते पी-३८ मोनो केबलमध्ये ३ आणि १ एकत्र केले तरी चालतं. पण माईकचा सिग्नल काही मिलिव्होल्टचाच. तो शेकडोपट वाढवावा लागतो आणि घरघरही तेवढीच पट वाढते. पाच-सहा मीटरच्या पुढे हा खेळ करू नये.

लांब अंतराला डीआय

जत्रेत किंवा सप्ताहात कीबोर्ड मंडपात आणि मिक्सर वीस-तीस मीटरवर अशी मांडणी असते. तिथं कीबोर्डशेजारी डीआय बॉक्स ठेवतात. तो अनबॅलन्स्ड सिग्नल घेऊन बॅलन्स्ड, माईकच्या पातळीचा करून देतो आणि मग साध्या माईकच्या केबलनं तो कितीही लांब नेता येतो. पॅसिव्ह डीआयमध्ये ट्रान्सफॉर्मर असतो, त्याला वीज लागत नाही. अॅक्टिव्ह प्रकाराला बॅटरी किंवा फँटम लागतं. त्यावर ‘ग्राउंड लिफ्ट’ असं एक बटण असतं. घरघर आली तर ते दाबून बघायचं. दाबल्यावर गेली तर तसंच ठेवायचं. यापेक्षा जास्त शास्त्र त्यात नाही.

फँटम म्हणजे कंडेन्सर माईकसाठी मिक्सर केबलमधून देतो ते ४८ व्होल्ट. ते २ आणि ३ नंबरच्या पिनांवर सारखंच येतं. कॅननचं टोक लावलेली अनबॅलन्स्ड केबल घेऊन कीबोर्ड सरळ माईकच्या इनपुटात लावला आणि फँटम चालू राहिलं, तर ते व्होल्टेज कीबोर्डच्या आउटपुटावर जातं. कीबोर्ड वाचेलच याची खात्री नाही. आधी फँटम बंद, मिनिटभर थांबायचं, मग केबल.

अर्थिंगची पिन तोडू नका

घरघरीवरचा एक गावठी इलाज सगळीकडे पसरलाय: अॅम्प्लिफायरच्या तीन पिनांच्या प्लगातली जाड पिन काढून टाकायची. घरघर जाते, हे खरं. जाते कारण दोन यंत्रांच्या अर्थिंगमधून तयार झालेलं वर्तुळ, म्हणजे ग्राउंड लूप, तुटतं. पण ती पिन माणसासाठी असते. आत वायर सुटून पेटीला लागली की करंट त्या पिनेतून जमिनीत जायचा असतो. पिन नसेल तर तो ऑडिओ केबलच्या जाळीतून माईकपर्यंत येतो, आणि माईक कुणाच्या तरी हातात, ओठांपाशी असतो. जोयड्याच्या पावसात, ओल्या मंडपात अनवाणी उभ्या असलेल्या माणसाच्या बाबतीत हा धोका कल्पनेतला नाही. वर्तुळ ऑडिओच्या बाजूला तोडायचं असतं, डीआयनं किंवा ट्रान्सफॉर्मरनं. विजेच्या बाजूला कधीच नाही.

त्याआधी फुकटातले उपाय करावेत. सगळं सामान एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर, एकाच अर्थिंगच्या सॉकेटातून घ्यावं. लॅपटॉपचा अडॅप्टर काढून बॅटरीवर चालवून बघावा. घरघर थांबली तर चोर तिथंच आहे आणि एका गाण्यापुरतं बॅटरीवर काम भागवता येतं. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि स्वस्तातले एलईडी दिवे घरघरीऐवजी ‘झर्रर’ असा तीक्ष्ण आवाज देतात, तसेच चौकोनी लहर देणारे इन्व्हर्टरही. विजेच्या वायरीला केबल ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडावी, शेजारून समांतर नेऊ नये.

जांभ्या दगडाची जमीन उन्हाळ्यात कोरडी पडली की अर्थिंगचा खड्डाही कोरडा पडतो. तिथं पाणी घालणं रेकॉर्डिंगसाठी नाही तरी घरासाठी करावंच. पावसाळ्यात उलटं दुखणं: दमट हवेनं जॅकांवर काळपट थर चढतो. बॅलन्स्ड केबलमध्ये जाळीचा सांधा थोडा खराब झाला तरी फारसं कळत नाही. अनबॅलन्स्डमध्ये तो वरच्या हिशोबातला एक ओहम दहा ओहम करतो आणि घरघरही दहापट होते. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती फडकं एवढं पुरतं.

मोबाईलही खोलीबाहेर ठेवावा. जंगलपट्ट्यात रेंज कमी, आणि रेंज कमी असली की फोन जास्त जोरानं टॉवर शोधतो. टूजीवर गेलेला फोन अनबॅलन्स्ड केबलीजवळ असेल तर ‘टिड-टिड-टिड’ रेकॉर्डिंगमध्ये येणारच.

जिथं जमतं तिथं सगळ्यात स्वच्छ रेकॉर्डिंग विजेच्या तारांपासून दूर, बॅटरीवरच्या रेकॉर्डरवर होतं. लाइन न पोचलेल्या, सोलरवर दिवे लावणाऱ्या पाड्यावर ५० हर्ट्झची घरघर यायला मुळात जागाच नसते. तिथं मग कोंबडे, झरा आणि पाऊस ऐकू येतात, ते राहू द्यावेत.

केबल घरी बनवली तर पहिल्यांदा लावण्याआधी मल्टिमीटरच्या बझरवर तपासून घ्यावी: १ ते १, २ ते २, ३ ते ३ वाजलं पाहिजे, आणि एकमेकांत काहीच वाजता कामा नये. कीबोर्डसाठी बनवलेल्या केबलमध्ये मोनोच्या टोकाला कोल्ड आणि जाळी एकत्र आहेत, म्हणून त्या दोन वाजतील. तिथं घाबरू नये. त्या केबलच्या दोन्ही टोकांना रंगीत टेप गुंडाळून ‘कीबोर्ड’ आणि ‘इंटरफेस’ असं लिहून ठेवावं. दोन्ही टोकं वेगळी आहेत हे सहा महिन्यांनी बनवणाऱ्यालाही आठवत नाही.